दोन कोटी खांबांची काच

५ जानेवारी, रविवार

ही डायरी मिलीला पोती पुरवणाऱ्या बारदानावाल्यानं दिली. दरसाली देतो, आणि दरसाली जगदेवी ती नातवाला गिरगोट्या काढायला देते. यंदा मी बायकोला सांगितलं, हात लावू नको, ही माझी हाय. विशाखानं बजावलंय, “काका, नमुना कवा घेतला, कोणत्या पोत्यातून घेतला, सगळं लिहून ठेवा. आमच्या कामात नोंद लागते.” नोंद तर नोंद.

मी धोंडप्पा, लातूरच्या एमआयडीसीतल्या दाळ मिलचा मुकादम. एकतीस वर्षं झाली. सॉर्टर मशीन सांभाळणं आणि व्यापाऱ्याला नमुना दाखवणं हे माझं काम. एकतीस वर्षांत माझ्या हातचा नमुना वापस आलेला न्हाई. शेठ स्वतः म्हणतात, धोंडप्पानं मूठ उघडली की पोतं उघडायची गरज न्हाई. हे आधी लिहून ठेवतो, बाकीचं मागून.

विशाखा म्हणजे सरजाबाईची पोरगी. मशीन यायच्या आधी आमच्या मिलीत चाळीस बाया दाळ निवडायच्या, त्यातली सरजाबाई. पोरगी आता नांदेडला पीएचडी करून राहिली, काचेची. मी विचारलं, चष्म्याची का? तर न्हाई म्हणे, सपाट काच. लातुरात एवढ्या मिली असून पोरगी आली कुणाकडं? माझ्याकडं.

९ जानेवारी

आज पोरीनं मशीनपाशी उभं राहून सगळं समजावून सांगितलं. मला पहिल्या फटक्यात कळलं, तरी दोनदा विचारलं, म्हणजे तिला बरं वाटावं.

मशीनमध्ये दाळ वरून पडती. कॅमेरा एकेक दाणा बघतो. डागी दाणा दिसला की हवेची फुंकर त्याला बाजूला उडवती. ह्या कॅमेऱ्याचं भिंग जाडजूड, ते बसवायला पेटी मोठी, म्हणून मशीनबी खोलीएवढं. उमरी-देगलूरकडच्या बारक्या मिलीला हे झेपत न्हाई. विशाखाला भिंगाच्या जागी सपाट काच बसवायची हाय, मुगाच्या दाण्याहून लहान. आणि ती नुसतं चित्र काढणार न्हाई. चांगल्या दाण्याचा उजेड ती एका ठिपक्यावर टाकणार आणि डागी दाण्याचा दुसऱ्यावर. म्हणजे निवडायचं काम काचच करणार.

कसं? तर काचेवर खांब. केसाच्या जाडीत दोनशे खांब मावतात एवढे बारीक. पूर्ण काचेवर दोन कोटी. कुठला खांब जाड, कुठला बारीक, त्यावर उजेड कुठं वळायचा ते ठरतं.

मी म्हणलं, “दोन कोटी खांब कोण मोजत बसणार गं बाई?”

“संगणक, काका. पण एकेक खांब बदलून बघितला तर आपला जन्म जाईल. म्हणून तो एकदा उजेड पुढून सोडतो आणि एकदा ठिपक्यावरून उलटा सोडतो. दोन्हीचा मेळ घातला की सगळ्या खांबांना एकदम कळतं, कुणी जाड व्हायचं, कुणी बारीक. मग परत पुढून, परत उलटा. असं हजार वेळा.”

हे तर मी रोज करतो. पोत्यात चुरा जास्त दिसला की पोत्यापासून उलटं चालत जायचं, चाळणी, मग पट्टा, मग रोलर, आणि कुठला स्क्रू किती पिळायचा ते कळतं. तिला सांगितलं तर म्हणाली, “काका, आमच्या सरांपेक्षा सोपं सांगितलंत.” मी काय बोलणार? खरं होतं ते.

तिला दोन हजार चांगले दाणे पायजेत आणि दोन हजार डागी. “पट्ट्यावर जशी असते तशीच द्या,” म्हणाली. ह्या दाण्यांवरच संगणक शिकणार हाय. काच बेंगळूरच्या एका मोठ्या संस्थेत कोरून मिळणार, बाहेरच्या कॉलेजला वर्षातून एकच पाळी, आणि आखणी बावीस मार्चच्या आत पोचली पायजे. पाळी हुकली किंवा आखणी चुकली तर पोरीची तीन वर्षं पाण्यात. म्हणजे सगळा भार नमुन्यावर. म्हणजे माझ्यावर.

१८ जानेवारी

नमुना तयार. आठ दिवस जेवणाच्या सुट्टीत बसून निवडला. चांगला दाणा असा की नजर काढावी. डागी दाणेबी माझ्याच हातचे: काळा ठिपका, भुंग्याचं भोक, ओल लागून लाल पडलेला, टरफल चिकटलेला.

मग हात फिरवला. हे बाहेरच्या माणसाला मालूम नसतं म्हणून लिहितो. नमुना पुढं करायच्या आधी तळहातावर तेल घ्यायचं, इतकं कमी की बोटाला लागू नये, नुसतं डोळ्याला कळावं, आणि दाणे त्यावर हलके फिरवायचे. दोन हजार दाण्यांना तीन थेंब. चौथा थेंब पडला की दाळ चिकट दिसती. मला हे माझ्या मुकादमानं शिकवलं, आणि आता पूर्ण एमआयडीसीत असा हात फिरवणारा मीच उरलो. पट्ट्यावरची दाळ धुळकट असती, तशीच कोरडी नांदेडच्या विद्वान लोकांपुढं ठेवायची का? सरजाबाईच्या पोरीची इज्जत ती आपल्या मिलीची इज्जत.

डागी दाणे तसेच पुडीत बांधले. त्यांना कोण तेल लावतंय!

१ फेब्रुवारी, शनिवार

नांदेडला जाऊन आलो. बस अहमदपूरला अर्धा तास थांबली, तिथंही पिशवी मांडीवरून खाली ठेवली न्हाई.

प्रयोगशाळेत चपला बाहेर. आत गारठा. एकेक दाणा चिमट्यानं उचलून कॅमेऱ्याखाली ठेवायचा, चार दिशांनी उजेड टाकायचा, फोटो घ्यायचा. विशाखा सकाळपासून बसलेली, मान वर न्हाई. तिचे सर आले. अंगानं बारीक माणूस, पण बोलणं वजनदार. चांगल्या दाण्यांचं ताट बघून म्हणाले, “नमुना अतिशय सुंदर आहे. कोणी निवडला?”

विशाखानं माझ्याकडं बोट केलं. मी उभा राहिलो.

घरी येऊन जगदेवीला हे दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगायला लागलो तर म्हणाली, “अवो, जेवा आता. ऐकलं मी, अतिशय सुंदर.”

११ फेब्रुवारी

पोरीचा फोन. संगणक चालू हाय. मी म्हणलं, मिलबी चालू हाय.

२७ फेब्रुवारी

नव्व्याण्णव पूर्णांक चार!

परवा पोरीचा फोन आला. शंभर दाणे टाकले तर नव्व्याण्णव बरोबर ठिकाणी. काच अजून कोरलेली न्हाई, हे संगणकातलं गणित, पण गणितच खरं असतं म्हणे. सरांनी त्याच दिवशी सही करून अहवाल वर पाठवला. विशाखा फोनवर हसून राहिली होती, आणि मागं कुणीतरी टाळ्या वाजवत होतं.

कालच्या महाशिवरात्रीला सिद्धेश्वराच्या जत्रेत जो भेटला त्याला सांगितलं. साडूला सांगितलं, पाळण्यावाल्याला सांगितलं, आमच्या शेठच्या भावाला रांगेत धरून सांगितलं. आमच्या मशीनला, एवढ्या मोठ्या धुडाला, सत्याण्णव येतात. एवढीशी काच त्याच्या पुढं गेली. शेठनी मिलीत पेढे वाटले. म्हणाले, “धोंडप्पा, नमुना तुझा ना?” मी म्हणलं, दुसऱ्या कुणाचा असणार?

सरजाबाईलाबी पेढा द्यायला गेलो. दारातच घेतला. “माझ्या पोरीचं काम हाय ते,” एवढंच बोलली. बाई पहिल्यापासून अशीच तोडून बोलणारी.

३ मार्च

आज पोरीनं एक अजब गोष्ट सांगितली. ती आणि सर खांबांची आखणी उलगडून बघत होते, संगणकानं नेमकं काय केलंय ते. तर काचेनं रंगाकडं बघितलंच न्हाई! ना काळा ठिपका, ना लाल. ती बघती नुसती चमक. चांगल्या दाण्यावरून उजेड एका खास रीतीनं परततो, डागीवरून तसा परतत न्हाई, आणि संगणकानं सगळे खांब तेवढी चमक पकडायला लावलेत. सर म्हणाले हा नवीनच शोध असू शकतो.

“काका, डागी दाण्याला चमक नसते का हो? तुम्हाला काय वाटतं?”

मला विचारलं! पीएचडीवाल्यांनी! मी म्हणलं, “नसतेच. आजारी माणसाच्या तोंडावर तेज असतं का? तसंच.” तिनं ते लिहून घेतलं. सर आपल्या लेखात घालणार हायेत.

६ मार्च

सकाळी हैदराबादचा व्यापारी आला. नमुना दाखवायचा म्हणून तळहातावर तेल घेतलं, मूठभर दाळ फिरवली, आणि हात तिथंच थांबला.

व्यापारी म्हणाला, काय झालं? मी म्हणलं, काही न्हाई.

पुढं काय बोललो मालूम न्हाई. सौदा झाला. दिवसभर माझ्या कानात पोरीचं बोलणं. चांगल्या दाण्याला चमक, डागीला न्हाई. अरे धोंडप्पा, चांगल्याला तूच चमक दिलीस आणि डागीला तूच दिली न्हाईस. संगणकानं दाळ ओळखली न्हाई. त्यानं माझं तेल ओळखलं.

७ मार्च

जेवण गेलं न्हाई. जगदेवीनं कपाळाला हात लावून बघितला.

खरं काय ते डायरीत लिहायला काय हरकत हाय. मनात आलं, बोलायचंच न्हाई. कुणाला कळणार? काच बेंगळूरहून कोरून येईल ऑगस्टात. तवा पट्ट्यावरची कोरडी दाळ तिच्यापुढं टाकतील, आणि ती सगळीच्या सगळी दाळ डागी म्हणून फेकून देईल. लोक म्हणतील काच बिघडली. बेंगळूरवाल्यांचा हात चुकला म्हणतील. पोरीचं गणित चुकलं म्हणतील. धोंडप्पाचा नमुना चुकला असं कुणाच्या स्वप्नातबी येणार न्हाई.

हे लिहिलं आणि वाचलं. वाचून डायरी मिटली आणि पहाटेच्या बसची वेळ बघितली.

८ मार्च, शनिवार

पहाटेच्या बसनं नांदेडला गेलो. विशाखाला कॅन्टीनमध्ये बसवलं. चहा मागवला आणि नुसती बशी फिरवत बसलो. तिला वाटलं घरी काही झालं.

“काका, आई बरी आहे ना?”

“तुझी आई ठणठणीत हाय गं. मीच बरा न्हाई.” मग सांगितलं. तेल, तीन थेंब, तळहात, सगळं.

तिनं चहाचा कप बाजूला सरकवला. मग विचारलं, “दोन्ही पुड्यांना लावलं का फक्त चांगल्याला?”

“चांगल्याला. डागीला कोण—”

तिनं डोकं टेबलावर ठेवलं. मला वाटलं रडती. बघतो तर खांदे हलतायत, हसून राहिली! हसता हसता डोळ्यात पाणीबी आलं, ते कशाचं होतं मला समजलं न्हाई. म्हणाली, “चार हजार फोटो, काका. एकेक दाणा चिमट्यानं. आणि मी म्हणत होते, एवढं सोपं कसं जमलं.”

“मी सरांना सांगतो. आत्ता येतो तुझ्यासंग.”

“नको. सरांना मी सांगते. आखणी पोचायला चौदा दिवस उरलेत. तुम्ही मला कोरडा नमुना द्या. पट्ट्यावर असते तशी, धुळीसकट. संगणकाला पाच दिवस लागतात. फोटोला चार. एक दिवस हाताशी ठेवू. म्हणजे तुमच्या हाती चारच दिवस.”

पोरगी शहाणी. सगळं निभावून नेलं. बसमध्ये मला एवढं हलकं वाटलं की लोह्याला भजे खाल्ले.

१० मार्च

चार दिवसांत चार हजार दाणे एकट्याच्यानं होत न्हाईत. आधी आठ दिवस लागले होते, आणि तेबी चांगल्या दाण्यांवर जीव लावला होता म्हणून. खरं म्हणजे मला आता माझ्या नजरेची खात्री वाटेना. उगं ठळक ठळक डाग उचलले होते, दिसायला बरे. पट्ट्यावर तसे दाणे थोडेच असतात.

मिलीत पंधरा वर्षं हातानं दाळ निवडलेलं माणूस कोण? जगदेवी म्हणाली, “तोंडानं नाव घ्यायला काय जातंय? सरजाबाई.”

११ मार्च

सरजाबाईच्या घरी गेलो, पोतं सायकलवर घालून. ओसरीवर ती सुपात दाळ घेऊन बसली आणि मी समोर. एकतीस वर्षांत त्यांच्या घरात बसायची वेळ आली नव्हती. ती काही बोलायच्या आधीच तिचा हात चालू झाला. बघितलं न बघितलं, दाणा इकडं, दाणा तिकडं. मी एक उचलला तवर तिचे सात झालेले.

एक दाणा मी चांगल्यात टाकला. तिनं तो परत उचलून डागीत टाकला.

“अगं, ह्याला काय झालंय?”

“पाठीवर बघा, मुकादम. सुरकुती हाय. आतून किडलाय.”

नखानं फोडला. किडलेला होता. मला राग आला, मग गंमत वाटली. चार दाण्यांनी परत तेच.

मग तीच बोलली. मशीन आलं त्या दिवशीचं. “चाळीस बाया फाटकाबाहेर उभ्या होत्या. तुमी आत मशीनला हार घालून राहिले होते.” मी म्हणलं, हार शेठनी घातला होता, मी नुसता धरला होता. “हाव. धरलाच होता,” म्हणाली, आणि सूप पाखडलं.

चहा आला. बशीत ओतून पिलो. चांगला होता, आलं घातलेलं. जगदेवीला चहाचं सांगितलं न्हाई. सांगण्यासारखं काय हाय त्यात?

१२ मार्च

चार हजार झाले. कोरडे, धुळीसकट. तेलाची बाटली मी सकाळीच मिलीच्या कपाटात कुलूप घालून ठेवली होती, हाताचा काही भरवसा न्हाई.

सरजाबाईनं पुडी बांधताना स्वतः वरून दोरा गुंडाळला. “ह्याच्यावर कुणी हात फिरवायचा न्हाई,” म्हणाली. म्हणजे पोरीनं तिला सांगितलंय. सांगू दे. खरंच हाय ते.

२१ मार्च

आखणी बेंगळूरला गेली, एक दिवस आधी.

ह्या वेळी एक्क्याण्णव पूर्णांक दोन. संगणकानं रंग बघितला, डाग बघितला, आणि सुरकुतीची सावलीबी बघितली. विशाखा म्हणाली, सुरकुतीवाले दाणे नमुन्यात नसते तर ते त्याला कधीच सुचलं नसतं. तो सांगितलं तेवढंच करतो, आणि सांगितलं ते मात्र जीव तोडून करतो.

नव्व्याण्णववरून एक्क्याण्णव. मिलीत शेठनी विचारलं तर म्हणलं, “काम चालू हाय.” पेढे खाल्लेल्या लोकांना आता काय सांगायचं? पोरीला विचारलं, सर काय म्हणले? “काही नाही, काका. झालं ते झालं.” बरं झालं. मला वाटलं होतं सर रागावतील.

१९ ऑगस्ट

काच आली. खास ती बघायला नांदेडला गेलो. पारदर्शक डबी, तिच्यात एक चौकोनी तुकडा आणि त्याच्या मधोमध दोन मिलीमीटरची गोल टिकली. तिरकी धरली तर मोराच्या मानेसारखे रंग. ह्या टिकलीत दोन कोटी खांब हायेत आणि प्रत्येकाची जाडी सरजाबाईच्या सुपातल्या दाळीनं ठरवलीय. मी एवढ्या जवळ तोंड नेलं की विशाखा ओरडली, “काका, श्वास नका सोडू!”

नव्या दाळीवर तपासणी झाली. नव्वद पूर्णांक आठ. संगणक एक्क्याण्णव पूर्णांक दोन म्हणाला होता. पोरगी नुसती त्या दोन आकड्यांकडं बघत उभी. म्हणाली, गणित आणि काच एवढी जवळ येणं हीच खरी मेहनत. मला छाती फुगवायला तेवढं पुष्कळ झालं.

८ सप्टेंबर

छाती फुगवूनच सरजाबाईकडं गेलो होतो. म्हणलं, “बघितलं का, शुक्रवारी तुझी पोरगी पीएचडीच्या समितीपुढं उभी राहणार! आपल्या नमुन्यावर!”

ती भाकरी थापत होती. थांबली न्हाई. “मुकादम, माझ्या पोरीनं तुमचं झाकलं ते ठाऊक हाय का तुमाला?”

“काय झाकलं?” मी विचारलं. मग तिनं सांगितलं. मार्चात विशाखानं सरांना तेलाचं सांगितलंच न्हाई. “फोटो घेताना माझा निष्काळजीपणा झाला, उजेड चुकला,” असं स्वतःवर घेतलं. पाठवलेला अहवाल सरांना वापस घ्यावा लागला, त्यांची मान खाली गेली. त्यांनी तिच्या फाइलीत तसं लिहिलं. आता समिती विचारणार, नव्व्याण्णवचे एक्क्याण्णव कशानं झाले? पोरगी परत तेच सांगणार. मग पुढची मोठी काच हिच्या हाती द्यायची का न्हाई, ते ठरणार.

“मी सरांना सांगतो म्हणलो होतो,” मी म्हणलं.

“म्हणले होते. मग तिनं नको म्हणलं, आन् तुमी भजे खाऊन घरी आले.”

भजे हिला कुणी सांगितले? मीच. मीच सांगितलं होतं, सुपापाशी बसून, हसत हसत.

“तिनं का झाकलं पण?”

“ते तिलाच ठाऊक. म्हणती, काकांकडं तेवढंच एक हाय.”

उठून आलो. रस्त्यात दोन माणसांनी रामराम केला, मी ओळख दिली न्हाई.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

बसमध्ये लिहून राहिलो, अक्षर हलतंय.

खोलीत पंचवीस-तीस माणसं. पडद्यावर बेंगळूरचे साहेब. मी आणि सरजाबाई मागच्या बाकावर. विशाखा निळ्या साडीत, हातात ती डबी. बोलली काय सुंदर! मला निम्मं कळलं न्हाई, पण आवाज कुठं हलला न्हाई. मधे सरजाबाईकडं बघितलं तर ती पदर तोंडात धरून बसलेली.

मग पडद्यावरच्या साहेबांनी विचारलं. हिंदीत. फेब्रुवारीत नव्व्याण्णव पूर्णांक चार होते, आता नव्वद पूर्णांक आठ. ऐसा क्यों?

विशाखानं एकदा सरांकडं बघितलं. “सर, पहिल्या वेळी माझ्याकडून—”

मी उभा राहिलो. बाक करकरला, सगळे मागं वळले. सर म्हणाले, “काका, बसा, नंतर बोलू.”

“बसतो, सर. पण आधी बोलतो. ते नव्व्याण्णव माझे होते. हे एक्क्याण्णव पोरीचे हायेत. मी लातूरच्या मिलीचा मुकादम. नमुना मी दिला. हिनं सांगितलं होतं, पट्ट्यावर असते तशी द्या. मी ऐकलं न्हाई. चांगल्या दाण्याला तेलाचा हात फिरवला, डागीला लावला न्हाई. काचेला दाळ दिसायच्या आधी माझं तेल दिसलं. हिनं माझ्या नावाला बट्टा लागू नये म्हणून स्वतःवर घेतलं. ते खोटं हाय. फाइलीतलं खोडा.”

टोपी हातात कधी आली मालूम न्हाई. विशाखा माझ्याकडं अशी बघत होती, जणू मी तिचं काहीतरी फोडलं. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

कुणीतरी माझं बोलणं पडद्यावरच्या साहेबांना हिंदीत सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं. मग विचारलं, तेल कितना?

“तीन बुंद, साहब. दो हजार दाने को.”

साहेब पुढं वाकले, पडदाभर तोंड झालं. “एका दाण्यावर तर काही दिसणारही नाही एवढं. आणि रचनेनं तेच शोधून काढलं?” हे ते इंग्रजीत बोलले, शेजारच्यानं मराठीत सांगितलं तसं लिहितो. मग ते विशाखाला म्हणाले, ही गोष्ट प्रबंधात का नाही? पद्धतीची ताकद आणि पद्धतीचा धोका, दोन्ही ह्या तीन थेंबांत आहेत. पूर्ण प्रकरण लिहा त्यावर.

सर उठले. म्हणाले, फाइलीतलं वाक्य मी माझ्या हातानं काढतो. आणि खोलीतल्या सगळ्यांपुढं विशाखाला म्हणाले, “तू मला सांगायला हवं होतंस.” ती म्हणाली, “हो, सर.” तेवढंच. पुढची मोठी काच तिच्याकडंच राहिली.

बाहेर व्हरांड्यात पोरगी माझ्यावर चिडली. “काका, मी सांभाळलं असतं ना! आता ते सगळं छापून येणार, मिलीत कळणार, शेठला कळणार!” मी म्हणलं, “शेठला मी उद्या स्वतः सांगणार हाय, तू कशाला जीव खाती?” मग ती रडायला लागली आणि मला कळेना काय करावं. सरजाबाईनं दोघांनाबी पाणी दिलं.

आता बस नांदेडच्या बाहेर पडली. सरजाबाई खिडकीपाशी, मधे एक उमरीकडची बाई, कडेला मी. बाईनं सरजाबाईला विचारलं, कुठून आले, कशाला आले? सरजाबाईनं पोरीचं सगळं सांगितलं, काच, खांब, पडद्यावरचे साहेब. मग बाईनं माझ्याकडं मान केली, “आन् हे कोण तुमचे?”

मला वाटलं, म्हणेल मुकादम हायेत आमच्या मिलीचे. एकतीस वर्षं सगळे तेच म्हणतात. सरजाबाईनं जरा विचार केला.

“ह्यांनी माझ्या पोरीच्या कामात चूक केली होती,” ती म्हणाली. “आन् आज तीस माणसांत उभं राहून सांगितली.”

त्या बाईनं मला वरपासून खालपर्यंत बघून घेतलं आणि जरा सरकून जागा दिली. मी टोपी नीट केली. लोहा येईपर्यंत ताठ बसून होतो.